एकतिसाव्या पानाची पाठ

छाजेड शेठच्या पेढीवरचा डबा उघडला
तर पंख्याच्या पात्यांवर लाल मखमल.
पथारीवर मिरची वाळायला पडली की
नंदुरबारात कॉम्प्युटरसुद्धा शिंकतात.
आधी मी सात वेळा शिंकलो, मग स्क्रू मोजले.

जळका वास नव्हता, फुगलेलं काही नव्हतं.
बटण दाबलं की पंखा अर्धा वेढा घ्यायचा
आणि थांबायचा,
दारापर्यंत जाऊन काही विसरल्यासारखा.

कंपनीला फोन लावला.
बाई हिंदीत गोड बोलली:
त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल
फक्त अधिकृत केंद्रांना.
जवळचं केंद्र सुरतला.
नाहीतर अख्खा बोर्ड बदला.
तिने सांगितलेल्या किमतीत शेठनी नवा डबा आणला असता
आणि मला कटिंग पाजून वाटेला लावलं असतं.

म्हणजे नकाशा आहे. तेच डाचत राहिलं.
कुठल्या तरी कपाटात कुणी तरी
यातली वाट न् वाट काढून ठेवलीय,
कुठे किती व्होल्ट, कोण कुणासाठी थांबतं,
आणि इथे मी मल्टिमीटरच्या दोन सुया घेऊन
परक्या गल्लीत दारं ठोकतोय.

धुळ्यात एकाने दोनशेला पेनड्राइव्ह विकला.
आत गिऱ्हाइकासाठीचं पुस्तक, सतरा भाषांत:
ओल्या हाताने स्पर्श करू नये.
चाळीसगावचा म्हणाला होतं, पुराच्या पाण्यात गेलं.
त्यानेच भुसावळचे बडगुजर सांगितले.

बावीस वर्षं कंपनीच्या निळ्या शर्टात,
आता गुडघ्याला पट्टा बांधून ओट्यावर.
पॅसेंजरने पोचलो तेव्हा दोन वाजले होते.
काकूंनी आधी कळण्याची भाकरी वाढली, शेवेची भाजी.
हात धुता धुता ते म्हणाले, "कोणले सांगू नको, भाऊ,"
आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून काढलं.
एकशे बारा पानं, सुतळीने शिवलेली.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चौकोनी भोक.
ब्लेडने, पट्टी लावून, सुबक.
"तठे मनं नाव छापेल व्हतं."
ज्याची प्रत त्याचं नाव, पानोपानी;
पान सापडलं की माणूस सापडावा म्हणून.
पुस्तक मिटलं तरी त्या खिडकीतून
खालच्या चटईचे धागे दिसत होते.

परतीच्या गाडीत, अमळनेर मागे पडल्यावर,
एकतिसावं पान उलटलं. हीच वाट!
पंखा जिथून परत फिरतो तोच रेझिस्टर,
त्याचा नंबर छापलेला, पुढे बाण,
आणि बाणाच्या टोकाला भोक.
किंमत बडगुजरांच्या नावाबरोबर कापली गेली होती.

फोन केला. बराच वेळ नुसता श्वास.
मग हसले. "आकडा नाही आठवत रे.
नाव तेवढं आठवतं."

मग एकेक लावून बघितला.
एक हजार, दोन हजार दोनशे, तीन हजार तीनशे.
रात्री पावणेदोनला, चार हजार सातशेवर,
पंखा फिरला आणि फिरतच राहिला.
शटरबाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं.
शेठनी चारशेतले पन्नास कापले, सवयीने.

दिवाळीनंतर शिरपूरहून हेमांगी गिरासेचा फोन.
वडिलांच्या रेशन दुकानात अर्धं टेबल तिचं.
तेच मॉडेल, तोच अर्धा वेढा.
"तुमच्याकडे आहे म्हणतात."
नाही म्हणालो.
दुसऱ्या दिवशीही नाही म्हणालो, जरा हळू.

तिसऱ्या रात्री ट्यूबलाइटखाली पानं पसरली
आणि मोबाइल सरळ धरून एकेक फोटो काढला.
त्या एका भोकामागे वहीचा कागद डकवून
पेन्सिलीने लिहिलं: चार हजार सातशे.
अक्षर माझंच. सात नेहमीसारखा पाय वाकडा करून.
बघत बसलो थोडा वेळ. खोडलं नाही.

सकाळी तिचा मेसेज: पोचलं सगळं.
सगळ्या पानांचा कोपरा कुणी खाल्ला?

उंदीर, मी लिहिलं.
पट्टी लावून कुरतडणारा, हे नाही लिहिलं.